मंदारला दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील का? (आमच्या फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

मंदार (स्टुटगार्ट): सगळ्यांना नमस्कार. एक बातमी आहे. माझा जर्मन नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाला. पुढच्या महिन्यात ऑफिसात बोलावलंय, तिथे प्रमाणपत्र हातात देतात. अर्जात ईराचंही नाव आहे. अनुजाने अर्ज केलेला नाही. गणपतीला आम्ही तिघंही येतोय, तिकिटं काढून झालीत.

सुलभाआत्या (मडगाव): अरे वा! अभिनंदन रे बाळा.

आप्पा (कुडाळ): गणपतीक येतलास मां? मग बाकीचा काय ता होऊंदे.

सुधीरकाका (ठाणे): अभिनंदन. म्हणजे आता तू परदेशी पाहुणा. शिकवलं कोणी, खर्च कोणी केला, आणि फायदा कोणाला!

अक्षय: झालं, काका सुरू.

वैशालीताई (न्यू जर्सी): बाबा, माझ्या अमेरिकन नागरिकत्वाच्या ओथचा (शपथेचा) फोटो तुम्ही आठवडाभर स्टेटसला ठेवला होता. तेव्हा नाही आठवलं हे.

सुधीरकाका: ती गोष्ट वेगळी.

मंदार: काका, काळजी नको. मी भारतीय पासपोर्टही ठेवणार आहे. जर्मनीने कायदा बदलला ना, २७ जून २०२४ पासून. आधीचं नागरिकत्व सोडायची अट काढून टाकली. पूर्वी ८ वर्षं राहावं लागायचं, तेही ५ वर आणलं. म्हणजे भारतात उतरताना भारतीय दाखवायचा आणि इकडे परत येताना जर्मन. व्हिसाची कटकटच नाही.

सुधीरकाका: बरोबर. हे वाचा सगळ्यांनी.
(फॉरवर्ड केलेला) आनंदाची बातमी!! केंद्र सरकारची दुहेरी नागरिकत्वाला मंजुरी!! आता परदेशातील भारतीयांना दोन्ही पासपोर्ट वापरता येणार!! जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.

प्रसाददादा (पुणे): काका, असं काहीही झालेलं नाही. आणि मंदार, तू जे म्हणतोयस ते तर अजिबात करू नकोस. अर्धा कायदा तू बरोबर वाचलायस, पण तो जर्मनीचा. उरलेला अर्धा आपला आहे.

मंदार: म्हणजे?

प्रसाददादा: नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९. भारताच्या नागरिकाने स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. त्यासाठी कोणी नोटीस पाठवत नाही, तुला अर्ज करावा लागत नाही, कुठे सही करावी लागत नाही. ज्या दिवशी ते प्रमाणपत्र तुझ्या हातात पडेल, त्या दिवशी तू भारतीय नागरिक राहत नाहीस. जर्मनी म्हणते "आमची हरकत नाही", ठीक आहे. पण भारताची आहे ना! दोन्ही देश हो म्हणाले तरच दोन पासपोर्ट ठेवता येतात.

मंदार: पण मी पासपोर्ट सरेंडरच केला नाही तर? तोपर्यंत तरी दोन्ही राहणार ना? माझ्या ऑफिसातल्या दोघांनी ठेवलेत.

प्रसाददादा: सगळे इथेच फसतात. सरेंडर केल्यामुळे नागरिकत्व जात नाही. ते आधीच गेलेलं असतं, सरेंडर सर्टिफिकेट हा नुसता त्याचा पुरावा. तुझ्या कपाटात राहिलेला तो पासपोर्ट म्हणजे ज्याचा मालक आता भारतीय नाही असं पुस्तक. त्यावर प्रवास केलास तर पासपोर्ट कायदा १९६७ खाली गुन्हा. दंड तर आहेच, शिवाय पुढे ओसीआय कार्डाला (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) अर्ज करशील तेव्हा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यावर तारीख असते. त्या तारखेनंतरचे शिक्के जुन्या पासपोर्टवर दिसले की संपलं.

वैशालीताई: आणि मंदार, नुसता व्यवहार बघ. प्रमाणपत्र देताना तुझं रेसिडेन्स कार्ड काढून घेतील. माझं ग्रीन कार्ड ओथच्या वेळीच जमा करून घेतलं होतं. आता तू मुंबईहून परत निघालास. भारतीय पासपोर्टवर आत आलायस, म्हणून बाहेर पडतानाही तोच दाखवणार. काउंटरवरचा माणूस विचारणार, जर्मनीचा व्हिसा किंवा कार्ड कुठाय? तेव्हा खिशातून जर्मन पासपोर्ट काढणार का? रात्री दोन वाजता, कडेवर ईरा, आणि मागे रांग.

अनुजा: मी हेच सांगत होते त्याला. पण नवऱ्याला घरच्या माणसापेक्षा ऑफिसातले दोघे जास्त खरे वाटतात.

अक्षय: वहिनी, स्क्रीनशॉट काढून ठेवला.

सुलभाआत्या: आमच्या गोव्यात तर हे घरोघरी आहे हो. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जे इथे जन्मले ते पोर्तुगीज नागरिक होते, म्हणून पोर्तुगाल त्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांनाही नागरिकत्व देतं. लिस्बनला जन्माची नोंद करायची आणि मग कार्ड, पासपोर्ट. कितीतरी जण त्यावर इंग्लंडला गेले, स्विंडनला तर गोंयकारांची वस्तीच आहे. ब्रेक्झिट व्हायच्या आधी काय घाई उडाली होती! इथे बऱ्याच जणांचा समज असा की लिस्बनची नोंद म्हणजे नुसता कागद, इथलं रेशन कार्ड, मतदान, पासपोर्ट सगळं चालू ठेवायचं. आमच्या वाड्यावरच्या एकाने तसंच केलं. नंतर भारतीय पासपोर्ट सरेंडर करायला गेला, तर सरेंडर करून घेईनात, थेट रद्दच केला. त्यामुळे ओसीआय मिळेना. आईला बघायला यायचं तर व्हिसा काढून यायचा, स्वतःच्या घरी!

प्रसाददादा: हो आत्या, ते प्रकरण खूप गाजलं होतं. २०२२ च्या शेवटी नियम कडक केले आणि ज्यांनी परदेशी नागरिकत्व लपवलं त्यांचे पासपोर्ट रद्द व्हायला लागले. सरेंडर सर्टिफिकेट नाही म्हणून ओसीआय नाही. शेवटी २०२४ मध्ये पासपोर्ट रद्द केल्याचं पत्रच त्याऐवजी चालेल असं ठरलं, तेव्हा त्या लोकांची वाट मोकळी झाली. पण नुसत्या जन्मनोंदीने नागरिकत्व मिळतं की नाही हा वाद गोव्याचा वेगळाच आहे. मंदारच्या बाबतीत वादाला जागाच नाही. त्याने अर्ज केलाय, परीक्षा दिलीय, शपथ घेणार.

सुधीरकाका: परीक्षा कसली?

मंदार: ३३ प्रश्न काका, १७ बरोबर यावे लागतात. आणि बी१ पातळीची जर्मन. परीक्षा सोपी आहे, भाषेने मात्र घाम काढला.

आप्पा: माका एकच सांगा. आपली कुडाळची जमीन. दीड एकर आंबो-काजू आसा. माज्या मागे सातबाऱ्यार ह्येचा नाव लागतला काय नाय?

प्रसाददादा: लागेल आप्पा, चिंता नको. वारसाहक्काने आलेली शेतजमीन ओसीआयवाल्याला ठेवता येते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्याला नवी शेतजमीन, फार्महाउस, बागायत विकत घेता येत नाही. दुसरी, बक्षीसपत्राने पण नाही. म्हणजे "माझ्या डोळ्यांदेखत पोराच्या नावावर करतो" असं मनात असेल तर ते जमणार नाही. आणि कधी विकायची झालीच तर इथे राहणाऱ्या भारतीयालाच, त्यातही महाराष्ट्रात घेणारा शेतकरी लागतो.

आप्पा: बक्षीसपत्राचाच मनात होता.

मंदार: दादा, मग प्रमाणपत्र घ्यायच्या आधी करून घेतलं तर?

प्रसाददादा: नाही रे. तू आत्ताही एनआरआय आहेस. भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयलाही शेतजमीन घेता येत नाही, विकत नाही आणि बक्षीसही नाही. फरक पडतो तो पुढे. उद्या भारतीय नागरिक म्हणून कायमचा परत आला असतास तर शेतकरी कुटुंबातला म्हणून जमीन घेऊ शकला असतास. जर्मन होऊन परत आलास तर नाही. फ्लॅटचं तसं नाही, घर-दुकान ओसीआयवर आरामात घेता येतं. आणि इन्कम टॅक्स मुख्यतः पासपोर्टवर नाही, तो किती दिवस कुठे राहिलास त्यावर.

अनुजा: म्हणूनच मी अर्ज केला नाही दादा. एकाने घ्यायचं, एकाने ठेवायचं. वेल्ह्याकडे एक तुकडा घ्यायचं माझ्या डोक्यात आहे, परत आल्यावर.

प्रसाददादा: वहिनी, माहेरच्या सातबाऱ्यावर नाव आहे ना? शेतकरी असल्याचा दाखला लागेल.

अनुजा: आहे. बाबांनी आम्हा दोघी बहिणींची नावं लावून ठेवलीत.

सुधीरकाका: मला एक कळत नाही. मग तो फॉरवर्ड साफ खोटा? वैशालीकडे ते निळं कार्ड आहे, त्यावर सिटिझन लिहिलंय. मी स्वतः पाहिलंय.

वैशालीताई: बाबा, लिहिलंय म्हणून होत नाही. मागणी जुनी आहे. सिंघवी समितीने २००२ मध्ये दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली होती. सरकारने द्यायचं कबूल केलं ते हे ओसीआय कार्ड, २००५ पासून. प्रत्यक्षात हा आयुष्यभराचा व्हिसा आहे. कितीही वेळा या, कितीही दिवस राहा, पोलिसांत नोंद नको, नोकरी करा, घर घ्या. पण मत नाही, निवडणूक नाही, सरकारी नोकरी नाही. २०२१ पासून पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण असल्या गोष्टींना वेगळी परवानगी लागते. मेडिकलला मुलांना एनआरआयच्याच जागा. ईरा लहान आहे, पण हे आत्ताच डोक्यात ठेव मंदार, तिला कधी पुण्यात एमबीबीएस करायचं झालं तर.

वैशालीताई: खरं सांगू? शपथेत आम्हाला म्हणावं लागतं की आधीच्या देशावरची निष्ठा मी पूर्णपणे सोडते. तोंडाने म्हटलं. अमेरिका नंतर जुना पासपोर्ट मागतही नाही, त्यांना त्याचं काही पडलेलं नसतं. मला खरं लागलं ते सरेंडर केलेला पासपोर्ट पोस्टाने परत आला तेव्हा. कोपरा कापलेला आणि आत रद्दचा शिक्का. तरी तुला घेऊ नको म्हणणार नाही. मी घेतलं आणि पुन्हा विचारलंत तरी घेईन. ऑफिसच्या कामाला लंडनला जायचं तर दर वेळी बँक स्टेटमेंट आणि बोटांचे ठसे, हे किती वर्षं करायचं?

मंदार: तेच तर. गेल्या वेळी यूकेचा व्हिसा वेळेत आला नाही आणि माझ्याऐवजी टीममधला पोलिश पोरगा गेला.

सुधीरकाका: पण मताचा हक्क गेला ना!

अक्षय: मंदारदादा, तू शेवटचं मतदान कधी केलंस?

मंदार: २०१४.

अक्षय: काका, उत्तर मिळालं.

प्रसाददादा: २०११ पासून परदेशातल्या भारतीयांना मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर यावं लागतं. म्हणून कोणी येत नाही. काका, एक आकडा देतो. २०२२ मध्ये २,२५,६२० जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं, सरकारनेच संसदेत सांगितलंय. हे सगळे देशावर रागावून गेले असं मला वाटत नाही. बहुतेकांना दोन्ही ठेवायला मिळालं असतं तर त्यांनी दोन्ही ठेवलं असतं. ऑस्ट्रेलियाने २००२ मध्ये परवानगी दिली, कॅनडाने १९७७ मध्येच. आपण देत नाही आणि लवकर देऊ असं दिसतही नाही.

सुलभाआत्या: आणि परत भारतीय व्हायचं म्हटलं तर?

प्रसाददादा: होता येतं. ओसीआय घेऊन ५ वर्षं झाली पाहिजेत आणि अर्जाच्या आधी १२ महिने इथे राहिलेलं पाहिजे. मात्र तेव्हा जर्मन सोडावं लागेल. तिथे जर्मनी ठेव म्हणाली तरी भारत ठेवू देणार नाही.

मंदार: ठीक आहे. मग गणपतीचं काय करू? प्रमाणपत्र गणपतीच्या तीन आठवडे आधी मिळणार. साध्या पासपोर्टला इथे महिना-दीड महिना लागतो.

वैशालीताई: मी असते तर ऑफिसला मेल करून तारीखच पुढे मागितली असती. प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत तू भारतीयच आहेस. ये, आरती कर, मोदक खा, परत जा आणि मग घे. काहीही लपवायला नको.

मंदार: भीती वाटते ताई. इथे एक तारीख सोडली की दुसरी कधी मिळेल सांगता येत नाही.

वैशालीताई: मग दुसरा मार्ग. प्रमाणपत्र मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझ्या आणि ईराच्या पासपोर्टला एक्सप्रेसने अर्ज कर, जास्त पैसे भर. ते आले की लगेच जर्मन पासपोर्टवर ई-व्हिसा. फॉर्ममध्ये आधीचं नागरिकत्व विचारतात, तिथे सरळ इंडियन लिही. त्याच आठवड्यात दोघांच्या जुन्या पासपोर्टांच्या सरेंडरचं काम सुरू कर. ओसीआय गणपतीपर्यंत येणार नाही, त्याची वाट बघू नकोस.

अनुजा: मेल करतोय तो आधी तारखेसाठी. मी समोर बसलेय.

प्रसाददादा: आणि नंतर बँकेत, म्युच्युअल फंडात केवायसी बदलायचं विसरू नकोस, राष्ट्रीयत्वाचा रकाना असतो. पॅन तेच राहील. मतदार यादीतलं नाव मात्र काढावं लागेल. तसंही तू तिथे राहत नाहीस म्हणून ते आधीच निघायला हवं होतं. फॉर्म ७.

मंदार: ते ऑनलाइन होतं का?

आप्पा: ऑनलाइन कशाक? आमची बीएलओ, मतदार यादी बघणारी, म्हणजे शाळेतली सावंतबाई. सकाळी दुधाक जाताना फॉर्म घेऊन येतंय. तुझो मतदार कार्डाचो नंबर काय तो पाठव.