जँगोमधून लिबरऑफिस चालवताना टाइमआउटनंतरही प्रोसेस मरत नाही

पडवीतला_कोडर:
उबुंटू सर्व्हर, २ कोअर, ४ जीबी रॅम. जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क), ते चालवणाऱ्या गनिकॉर्नचे ४ सिंक वर्कर (एका वेळी एकच विनंती हाताळणाऱ्या प्रोसेस), पुढे वेब सर्व्हर एनजिनएक्स. अपलोड झालेल्या वर्ड फाइलची पीडीएफ करून द्यायची आहे. व्ह्यूमध्येच (विनंतीला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये) लिबरऑफिसची ‘सॉफिस’ आज्ञा चालवणारं सबप्रोसेस.रन आहे: अख्खी आज्ञा एका स्ट्रिंगमध्ये, शेल=ट्रू, टाइमआउट=६०.

१. नावात स्पेस असली (‘सातबारा उतारा’) की फाइल सापडत नाही. शेलेक्स.कोट (नाव शेलसाठी अवतरणात घालणारं फंक्शन) लावलं की भागेल का?
२. मोठ्या फाइलला साधारण अर्ध्या मिनिटात ५०२ एरर येतो. नंतर टॉपमध्ये (चालू प्रोसेसची यादी) पाहावं तर लिबरऑफिसची सॉफिस.बिन ही प्रोसेस १०० टक्क्यांवर चालूच.
३. दोन जणांनी एकदम अपलोड केलं तर एकाचीच पीडीएफ बनते. दुसऱ्याचा एक्झिट कोड ० (म्हणजे यशस्वी), पण फाइल नाही.

शेलनको:
पहिल्याचं उत्तर: भागणार नाही. कोटने स्पेस आणि अर्धविराम आवरतील, पण हायफनने सुरू होणारं नाव प्रोग्रॅमला ऑप्शनच वाटणार. त्यात शेलचा काही दोष नाही, त्यामुळे शेल काढूनही ते भोक उरतं.

वापरकर्त्याचं नाव आज्ञेत जाऊच देऊ नका. दर कामाला टेम्पफाइलने वेगळा फोल्डर करा, आत फाइलला ‘इनपुट’ असं स्वतःचं नाव द्या, एक्स्टेन्शनही तुमच्या यादीतलंच. मूळ नाव डेटाबेसमध्ये ठेवा आणि डाउनलोडच्या वेळी लावा. आज्ञा लिस्ट म्हणून द्या, शेल=ट्रू काढा, सॉफिसचा पूर्ण पाथ लिहा.

एन्व्हायर्नमेंटही (प्रोसेसला मिळणारी व्हेरिएबल्स) हातानं द्या: पाथ, होम, लँग, बस. नाहीतर जँगोची सीक्रेट की आणि डेटाबेसचा पासवर्ड एन्व्हायर्नमेंटमध्ये असतील तर ते चाइल्ड प्रोसेसला (इथे सॉफिसला) आयते मिळतात.

सिग्नल_नऊ:
दुसऱ्या अडचणीत तुमचे ६० सेकंद कधी उजाडतच नाहीत. गनिकॉर्नचा स्वतःचा टाइमआउट डीफॉल्टने ३० सेकंदांचा. तेवढ्यात वर्कर मारला जातो, एनजिनएक्स ५०२ देतो आणि सॉफिस पोरकं होऊन चालत राहतं. गनिकॉर्नचा आकडा १२० करून सुटका नाही, कारण मग एनजिनएक्सचा प्रॉक्सी_रीड_टाइमआउट आड येतो (डीफॉल्ट ६०, तेव्हा ५०४).

शिवाय ‘सॉफिस’ ही नुसती स्क्रिप्ट आहे. खरं काम करणारी सॉफिस.बिन ही तिची नात. रनचा टाइमआउट फक्त थेट चाइल्डला मारतो. जुन्या पायथनमध्ये (३.७.५ च्या आधी) आउटपुट पाइपमध्ये घेतलं तर आणखी गंमत व्हायची: नातीकडे पाइपचं टोक उघडं राहायचं आणि टाइमआउट होऊनही रन तिथेच अडकून बसायचं.

म्हणून पीओपन वापरा, स्टार्ट_न्यू_सेशन=ट्रू द्या, म्हणजे नातीसकट सगळ्या प्रोसेस एका ग्रुपमध्ये येतील. टाइमआउट झाला की ओएस.किलपीजीने पूर्ण ग्रुपला सिगटर्म (‘बंद हो’ ही सूचना), ५ सेकंद थांबून सिगकिल (सक्तीने मारणं), आणि मग वेट. वेट विसरलात तर झॉम्बी (मेलेल्या, पण नोंद उरलेल्या प्रोसेस) साचतात. आउटपुट पाइपऐवजी फाइलमध्ये वळवा. पाइपचा बफर लिनक्सवर सहसा ६४ केबी असतो. तो भरला आणि वाचणारं कोणी नसलं की दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत बसतात. जुन्या उत्तरांत नव्या सेशनसाठी प्रीएक्झेक_फंक्शनमध्ये सेटसिड करायला सांगतात; थ्रेड असतील तर ते टाळा.

रांगेतला_शेवटचा:
वरचं सगळं बरोबर, पण हे काम व्ह्यूमध्ये असूच नये. नवं सेशन दिल्यावर वर्कर मेला तर सॉफिसला आवरणारं कोणीच राहत नाही. व्ह्यूने फाइल ठेवावी, टेबलात नोंद करावी आणि २०२ (‘काम स्वीकारलं’) देऊन मोकळं व्हावं. रूपांतर वेगळ्या सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) सर्व्हिसमध्ये. २ कोअरवर एका वेळी दोनच कामं. सर्व्हिस थांबली की सीग्रुपमधलं (तिच्या सगळ्या प्रोसेसच्या गटातलं) सगळं मरतं, नातवंडांसकट.

युनिटमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंगची फाइल) वेगळा युजर, नोन्यूप्रिव्हिलेजेस (जादा अधिकार बंद), प्रायव्हेटटेम्प (वेगळा टेम्प फोल्डर), प्रोटेक्टसिस्टम=स्ट्रिक्ट (सिस्टमच्या फाइली फक्त वाचण्यापुरत्या), मेमरीमॅक्स साधारण १५०० एमबी. यात एक खाच आहे: मेमरी संपून सॉफिस मारलं गेलं तर डीफॉल्ट ओओएमपॉलिसी सगळी सर्व्हिसच थांबवते. ती ‘कंटिन्यू’ करा. मग एक्झिट कोड उणे ९ किंवा १३७ दिसला की मेमरीवर संशय घ्या.

प्रायव्हेटनेटवर्कही (सर्व्हिसला नेटवर्कपासून तोडणारी सेटिंग) लावा. डॉक्युमेंटमध्ये बाहेरच्या चित्राची लिंक असली तर लिबरऑफिस ती आणायला जाऊ शकतं, आणि मग तुमच्या आतल्या नेटवर्कवरच्या पत्त्यांना धक्का लागतो. मात्र कामांच्या रांगेसाठी रेडिस (मेमरीतला डेटाबेस) वापरलात तर त्याचं टीसीपी कनेक्शनही तुटेल. पोस्टग्रेस त्याच मशीनवर असेल तर युनिक्स सॉकेटने चालतं, म्हणून रांग तिथेच ठेवणं सोपं.

तिसरी अडचण प्रोफाइलची (लिबरऑफिसच्या सेटिंगचा फोल्डर). दोन्ही एकच प्रोफाइल वापरतात, त्यामुळे दुसरं सॉफिस काम पहिल्याकडे ढकलतं किंवा गुपचूप संपतं. ‘-एन्व्ह:यूजरइन्स्टॉलेशन=’ पुढे फाइल यूआरएल द्या, तीन स्लॅशसकट. आणि एक्झिट कोड ० वर कधीच विसंबू नका. पीडीएफ आहे का, आकार शून्य नाही ना, हे तपासा.

पडवीतला_कोडर:
दर कामाला नवं प्रोफाइल दिलं तर प्रत्येक वेळी काही सेकंद जास्त जातात. शिवाय सर्व्हरवरच्या पीडीएफमध्ये मराठीऐवजी चौकोन येतात, लॅपटॉपवर नीट.

सिग्नल_नऊ:
मग प्रोफाइल दर कामाला नको, रूपांतर करणाऱ्या दर वर्करला एक. फक्त सिगकिल करावा लागला तर तो फोल्डर उडवा, अर्धवट लॉक मागे राहतो.

शेलनको:
चौकोन म्हणजे फॉन्ट नाही. ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ (मराठीचे फॉन्ट दाखवणारी आज्ञा) रिकामं येत असेल तर फॉन्ट्स-लोहित-देवा किंवा नोटोचं पॅकेज टाका. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या फाइलींना हा उपाय लागू नाही. त्या युनिकोड नसतात, त्यामुळे चौकोनांऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. तिथे तोच फॉन्ट सर्व्हरवर हवा, आणि त्याचं लायसन्स आधी बघा.