ताऱ्यांच्या स्पंदनांवरून अंतर्रचना : मोजलेले किती आणि प्रारूपातून आलेले किती?

शुक्लपक्ष (प्रश्न) :

केप्लर-४४४ या ताऱ्याचे वय सुमारे ११.२ अब्ज वर्षे असून त्यातील अनिश्चितता जेमतेम १ अब्ज वर्षांची आहे, असे वाचनात आले. हे वय ताऱ्याच्या स्पंदनांवरून काढले, एवढेच तिथे म्हटले होते. अशा लेखांत 'तारा घंटेसारखा वाजतो आणि नादावरून तिची घडण कळते' असे वर्णन नेहमी आढळते. परंतु घंटेचा धातू आणि आकार आपल्याला आधीच ठाऊक असतो, ताऱ्याचे तसे नसते. दुर्बिणीतून एक बिंदू दिसतो, त्याची प्रखरता दहा लाखांत काही भाग इतकीच कमीजास्त होते, आणि तेवढ्यावरून गाभ्यात किती हायड्रोजन उरला आहे हे सांगितले जाते.

माझी शंका अशी आहे की ताऱ्याच्या प्रारूपात, म्हणजे गणिती नमुन्यात, वस्तुमान, हेलियमचे आरंभीचे प्रमाण, जड (म्हणजे हेलियमहून जड) मूलद्रव्यांचे प्रमाण, अभिसरणाची (तप्त वायू वर-खाली होत उष्णता वाहून नेण्याची) कार्यक्षमता ठरवणारा गुणांक असे अनेक आकडे आपणच बसवतो. इतके आकडे हाताशी मोकळे असताना प्रारूप आणि निरीक्षण जुळले, तर त्या जुळण्याला पुरावा का मानावे? भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली असल्यामुळे उत्तरात थोडे गणित आले तरी चालेल.

रोहिणीशकट :

आपली शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर सूर्यासाठी एक व इतर ताऱ्यांसाठी दुसरे असे द्यावे लागते. आधी सूर्याविषयी लिहितो, कारण तिथे पद्धत सर्वांत भक्कम आहे.

सूर्याच्या पृष्ठभागावर सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाने होणारी हालचाल लेटन, नॉइस आणि सायमन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केली. हे सूर्याच्या आत अडकलेले ध्वनितरंग असावेत, असे उलरिच यांनी १९७० मध्ये आणि लाइबाकर व स्टाइन यांनी १९७१ मध्ये सुचवले, आणि १९७५ मध्ये डॉयब्नर यांच्या निरीक्षणांत त्या तरंगांच्या वारंवारता भाकितानुसार स्वतंत्र पट्ट्यांत विभागलेल्या दिसल्या. पृष्ठभागाखालच्या अभिसरणाची खळबळ हे तरंग सतत जागते ठेवते. आत शिरलेला तरंग जसजसा अधिक तप्त थरांत जातो, तसतसा ध्वनीचा वेग वाढतो, तरंगाची वाट वाकत जाते आणि एका ठरावीक खोलीवरून तो पुन्हा वर वळतो. ही खोली प्रत्येक कंपनप्रकाराची निराळी असते. सूर्याची तबकडी आपल्याला विस्ताराने दिसत असल्यामुळे अशा हजारो कंपनप्रकारांच्या वारंवारता मोजता येतात, आणि थोडे कमी व थोडे अधिक खोल जाणारे प्रकार एकमेकांशी ताडून मधल्या थरातील ध्वनीचा वेग काढता येतो.

आता आपल्या आक्षेपाकडे येतो. सूर्याच्या प्रमाण प्रारूपातील मोकळे आकडे सूर्याची आजची तेजस्विता, त्रिज्या आणि पृष्ठभागावरील जड मूलद्रव्यांचे प्रमाण यांच्याशी जुळवून घेतलेले असतात. वय उल्कापाषाणांवरून मिळते. ध्वनीचा वेग खोलीनुसार कसा बदलतो, हे त्या जुळवणीत कुठेही वापरलेले नसते. तरीही विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातील प्रारूपे आणि स्पंदनांवरून मिळालेला वेग यांत बहुतेक सर्व खोलीवर अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक राहिला. अभिसरणाचा थर सूर्याच्या त्रिज्येच्या ०.७१३ इतक्या अंतरावर संपतो आणि त्या थरात वस्तुमानाने सुमारे २५ टक्के हेलियम आहे, हे दोन्ही आकडे याच मार्गाने हाती आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अंतिया आणि चित्रे, तसेच तिथेच संशोधनाची सुरुवात केलेल्या सर्बानी बसू यांचा या गणितात मोठा वाटा आहे. सूर्यावर अखंड नजर ठेवण्यासाठी १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'गाँग' या सहा ठिकाणांच्या जाळ्यातील एक ठिकाण आपल्याकडे उदयपूरला आहे.

या जुळण्याचा पुरावा म्हणून प्रत्यक्ष उपयोगही झाला. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो (गाभ्यातील अणुप्रक्रियांत निर्माण होणारे सूक्ष्म कण) अपेक्षेच्या एक तृतीयांशच सापडत होते, आणि गाभ्याचे तापमान आपण चुकीचे धरले आहे का, असा प्रश्न कित्येक वर्षे रेंगाळला होता. स्पंदनांनी गाभ्याचे प्रारूप जवळपास बरोबर असल्याचे दाखवल्यावर संशयाचा रोख न्यूट्रिनोंच्या गुणधर्मांकडे वळला, आणि २००१-०२ मध्ये कॅनडातील सडबरी वेधशाळेने न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात हे सिद्ध केले.

दूरच्या ताऱ्यांची गोष्ट अधिक नाजूक आहे. तिथे संपूर्ण तबकडीचा प्रकाश एकत्रच मिळतो, त्यामुळे पृष्ठभागाचे बारीक तुकडे करणाऱ्या कंपनांचे चढउतार एकमेकांना खोडून काढतात आणि केवळ मोठ्या नक्षीची, म्हणजे ०, १, २ आणि फार तर ३ या कोटींची कंपने शिल्लक राहतात (कोटी म्हणजे पृष्ठभागावरील नक्षी किती बारीक आहे हे सांगणारा आकडा). सूर्यासारखे थराथरांचे चित्र त्यांतून मिळत नाही. मिळतात मुख्यतः दोन अंतरे. पहिले, एकाच कोटीच्या लागोपाठच्या दोन वारंवारतांमधील मोठे अंतर. सूर्यासाठी ते सुमारे १३५ मायक्रोहर्ट्झ आहे, आणि त्याच्या दुपटीचा व्यस्त घेतला की ध्वनीला केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत यायला लागणारा साधारण एक तास निघतो. या अंतराचा वर्ग ताऱ्याच्या सरासरी घनतेच्या प्रमाणात असतो. दुसरे, ० आणि २ या कोटींच्या जवळजवळच्या वारंवारतांमधील छोटे अंतर, जे सूर्यासाठी सुमारे ९ मायक्रोहर्ट्झ आहे. शून्य कोटीचा तरंग थेट केंद्रातून जातो, तर दुसऱ्या कोटीचा त्याआधीच वळतो. गाभ्यातील हायड्रोजनचे हेलियम होत जाते तसा तिथला ध्वनीचा वेग घटतो आणि हे अंतर आक्रसत जाते. ताऱ्याच्या वयाचा धागा इथे हाती लागतो. थोडक्यात, घनता जवळपास मोजलेली असते; वय मात्र प्रारूपाच्या आधारानेच सांगितले जाते.

व्याध :

वरील उत्तर उत्तम आहे, पण मला पद्धतीवर विश्वास बसला तो ती प्रारूपाशी भांडते म्हणून. मोकळ्या आकड्यांनी वाटेल ते जुळवता येत असते, तर पुढील तीन भांडणे झालीच नसती.

पहिले जुने आहे. सेफीड म्हणजे नियमितपणे फुगणारे-आकसणारे तारे; त्यांतील काही एकाच वेळी दोन आवर्तनकाळांनी स्पंदन पावतात, आणि त्या दोन काळांचे गुणोत्तर प्रारूपाशी काही केल्या जुळत नव्हते. १९८२ मध्ये नॉर्मन सायमन यांनी असे मांडले की दोष ताऱ्यांच्या प्रारूपाचा नसून जड मूलद्रव्यांच्या अपारदर्शकतेच्या (ती प्रकाश किती अडवतात याच्या) तक्त्यांचा असावा आणि ती दोन ते तीन पट वाढवली तर कोडे सुटेल. अणुभौतिकीच्या अंगाने नव्याने केलेल्या गणनांनी पुढच्या दशकाच्या आरंभी त्यांचे म्हणणे खरे ठरवले. केवळ दोन वारंवारतांनी प्रयोगशाळेबाहेरच्या भौतिकीतली चूक पकडली, हे मला आजही विलक्षण वाटते.

दुसरे भांडण अजून मिटलेले नाही. २००५ नंतर आस्प्लुंड आणि सहकाऱ्यांनी सूर्याच्या वर्णपटाचे अधिक काटेकोर विश्लेषण करून कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण बरेच खाली आणले. वर्णपटाचे काम सुधारले आणि अंतर्भागाचे बिघडले, कारण नव्या प्रमाणांनी केलेल्या प्रारूपात अभिसरणाचा थर उथळ होतो आणि हेलियमही कमी पडते. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेने २०१५ मध्ये त्या थराच्या तळाशी असते तशा परिस्थितीत लोहाची अपारदर्शकता मोजली, तेव्हा ती तरंगलांबीनुसार गणितापेक्षा ३० ते ४०० टक्क्यांनी जास्त भरली. एवढ्याने संपूर्ण फरक भरून निघत नाही, तरीही दोष कुठे शोधावा याचा अंदाज त्यातून येतो.

तिसरे भांडण तांबड्या राक्षसी ताऱ्यांचे आहे. त्यांच्या काही कंपनांत बाहेरचे ध्वनितरंग आणि गाभ्यातील उत्प्लावनाचे (हलके-जड थर वर-खाली डोलण्याचे) तरंग मिसळलेले असतात. बेडिंग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की अशा मिश्र कंपनांच्या आवर्तनकाळांत सुमारे ५० सेकंदांचे अंतर असेल, तर ताऱ्यात अद्याप गाभ्याभोवतीच्या कवचातील हायड्रोजनच जळत असतो, आणि १०० ते ३०० सेकंदांचे असेल तर गाभ्यातील हेलियम पेटलेले असते. बाहेरून हे दोन्ही तारे सारखेच दिसू शकतात. पुढच्याच वर्षी बेक आणि सहकाऱ्यांनी अशा ताऱ्यांचा गाभा पृष्ठभागापेक्षा निदान दहापट वेगाने फिरतो, हे कंपनांच्या दुभंगण्यावरून, म्हणजे फिरण्यामुळे एका वारंवारतेच्या जवळजवळच्या अनेक होण्यावरून, मोजले. आपल्या प्रारूपांनुसार तो याहून कितीतरी अधिक वेगाने फिरायला हवा होता. गाभ्याचा कोनीय संवेग बाहेर कोण वाहून नेतो, या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही.

शुक्लपक्ष :

दोन्ही उत्तरांसाठी मनःपूर्वक आभार. घनतेचा मुद्दा समजला. वयाबाबत मात्र शंका उरते, कारण वस्तुमान थोडे वाढवून हेलियम थोडे कमी केले, तर त्याच वारंवारता पुन्हा मिळणार नाहीत का? शिवाय यांपैकी काही गोष्ट सामान्य अभ्यासकाला स्वतः पडताळून पाहता येईल का?

रोहिणीशकट :

आपण नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. वस्तुमान आणि हेलियम यांची अशी अदलाबदल खरोखरच होते, आणि तिच्यामुळे वयाची अनिश्चितता वाढते. तिच्यावरचा एक उपाय असा आहे की पृष्ठभागाखाली जिथे हेलियमचे दुसरे आयनीभवन होते (त्याचा दुसरा इलेक्ट्रॉनही सुटतो), तिथे ध्वनीच्या वेगात एक छोटा खळगा पडतो आणि वारंवारतांमध्ये त्याची हलकी लहर उमटते. हंस तारकासमूहातील १६ सिग्नी या जोडीवर वर्मा, मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील मजुमदार आणि इतरांनी २०१४ मध्ये हीच लहर वापरली, तेव्हा मोठ्या ताऱ्याच्या पृष्ठभागावरील हेलियम सुमारे २३ ते २५ टक्के निघाले. याच जोडीतील दोन ताऱ्यांची प्रारूपे एकमेकांवर अवलंबून न ठेवता स्वतंत्रपणे जुळवली, तरी दोघांचेही वय ७ अब्ज वर्षांच्या आसपास येते. जुळे तारे एकाच वेळी जन्मले असणार, म्हणून ही तपासणी मोलाची आहे.

दुसरी अडचण पृष्ठभागाची. सर्वांत वरच्या थरांतील अभिसरण प्रारूपात नीट मांडता येत नाही, त्यामुळे गणिताने आलेल्या वारंवारता काही मायक्रोहर्ट्झने सरकतात. छोट्या आणि मोठ्या अंतरांची गुणोत्तरे घेतली की हा दोष बराचसा निघून जातो. राक्षसी ताऱ्यांसाठी वापरली जाणारी सोपी सूत्रे मात्र जपून वापरावीत. ग्रहणकारी जोडताऱ्यांशी ताडून पाहिल्यावर ती त्रिज्या सुमारे ५ टक्क्यांनी आणि वस्तुमान सुमारे १५ टक्क्यांनी फुगवतात, असे २०१६ मध्ये दिसून आले. केप्लर-४४४ च्या वयाला दिलेली अनिश्चितता मी याच कारणांसाठी 'आजच्या प्रारूपांच्या चौकटीत' अशी वाचतो. त्याच ताऱ्यावरील नंतरच्या अभ्यासात त्याच्या गाभ्यातील अभिसरण आरंभीची कित्येक अब्ज वर्षे टिकले असावे, असाही निष्कर्ष निघाला आहे, आणि साध्या प्रारूपात तशी अपेक्षा कोणी ठेवली नसती.

पडताळणीसाठी १६ सिग्नीमधील मोठा ताराच घ्या. त्याची त्रिज्या अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून कोनीय व्यासावरून मोजलेली आहे. ती सूर्याच्या १.२२ पट आहे. स्पंदनांतील मोठे अंतर सुमारे १०३ मायक्रोहर्ट्झ आहे. १०३ ला १३५ ने भागून वर्ग केला की घनता सूर्याच्या ०.५८ पट मिळते, आणि तिला १.२२ च्या घनाने गुणले की वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.०६ पट येते. पूर्ण प्रारूप जुळवून प्रसिद्ध झालेला आकडा १.०८ च्या आसपास आहे. या गुणाकारात हेलियम, अभिसरणाचा गुणांक किंवा वय यांपैकी काहीही बसवावे लागलेले नाही.

केप्लर आणि टेस या दोन्ही अवकाश दुर्बिणींच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत, आणि पायथनमधील 'लाइटकर्व्ह' या मोफत संचाने वारंवारतांचा आलेख घरच्या संगणकावर काढता येतो. केप्लरच्या नोंदी घेताना त्या एक मिनिटाच्या अंतराने घेतलेल्या आहेत ना, एवढे मात्र आधी पाहा. अर्ध्या तासाने घेतलेल्या नोंदींत साधारण २८० मायक्रोहर्ट्झच्या वरचे काही ओळखता येत नाही, आणि सूर्यासारख्या ताऱ्याची कंपने २,००० ते ३,००० च्या घरात असतात. तांबड्या राक्षसी ताऱ्यांची कंपने संथ असल्यामुळे त्यांच्यासाठी अर्ध्या तासाच्या नोंदी बहुधा पुरतात.