मदत हवी आहे: चौघांच्या प्रवासासाठी मोठी सुटकेस कोणती घ्यावी?

चौकोनी_कुटुंब
नमस्कार मंडळी. दोन मोठी माणसं, एक नऊ वर्षांची आणि एक चार वर्षांचा, असे चौघे तीन आठवड्यांच्या विमानप्रवासाला निघणार आहोत. तिकिटावर माणशी २३ किलोची एक चेक-इन बॅग आहे. ३२ इंची दोन अजस्र बॅगा घेऊन मोकळं व्हावं, की २८ इंची तीन घ्याव्यात? कडक की कापडी, दोन चाकं की चार, यातही घोळ आहे. परत आल्यावर बॅगा पलंगाखाली जातील, तिथे उंची ३२ सेंमी आहे. जाणकारांनी सांगावं.

मोजपट्टी
३२ इंचीचा विचार आत्ताच सोडा. मुळात इंचांवर जाऊच नका. कोणी चाकांसकट मोजतं, कोणी चाकं सोडून, त्यामुळे दोन '२८ इंची' बॅगांत चार-पाच सेंमीचा फरक सहज निघतो. विमान कंपन्या लांबी, रुंदी आणि जाडी यांची बेरीज बघतात, तीही चाकं आणि वरचं हॅन्डल धरून. बहुतेक ठिकाणी ही मर्यादा १५८ सेंमी असते. ७६ × ५१ × ३० ची बॅग १५७ वर बसते. ८१ × ५४ × ३३ केली की १६८, म्हणजे काउंटरवर जादा आकाराचे पैसे. वाढवता येणारी जादा चेन असेल तर ती उघडल्यावर जाडी चार-पाच सेंमी वाढते आणि १५७ वाली बॅगही मर्यादेबाहेर जाते.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. ७६ × ५१ × ३० च्या बॅगेत आतली जागा साधारण ९५ ते १०० लिटर मिळते. कपडे, टॉवेल, चपला, डबे-बाटल्या असं मिश्र सामान नीट दाबून भरलं तर लिटरमागे दोनशे ते अडीचशे ग्रॅम बसतं. म्हणजे सामान २० ते २५ किलो आणि बॅगेचं स्वतःचं वजन चारेक किलो. २३ ची हद्द तिथेच गाठली जाते. १३० लिटरची बॅग घेतली तर एक तर ती अर्धवट भरून न्यायची, नाही तर काउंटरसमोर जमिनीवर उघडून बसायचं. चौघांचे मिळून ९२ किलो होतात म्हणून दोन बॅगांत ४६-४६ भरता येत नाहीत. काही कंपन्या एकत्र बुकिंगवर वजनाची बेरीज धरतात, पण तिथेही एका बॅगेला बहुतेक ठिकाणी ३२ किलोच्या पुढे परवानगी नसते, कारण ती शेवटी माणसालाच उचलायची असते.

म्हणून रिकाम्या बॅगेचं वजन विचारा. साडेतीन किलोची आणि साडेपाच किलोची यात फरक दोन किलोचा. तीन बॅगांत सहा किलो गेले, म्हणजे एका मुलाचे जवळजवळ सगळे कपडे.

गंजलेला_खिळा
मापाबद्दल मोजपट्टींशी सहमत. मी वस्तू टिकते कुठे आणि मोडते कुठे, त्याबद्दल लिहितो.

कडक बॅगेत 'कडक' या शब्दाने फसू नका. चांगलं कवच दाबल्यावर वाकतं आणि परत जागेवर येतं. पॉलीकार्बोनेट (पीसी) आणि पॉलीप्रॉपिलीन ही प्लॅस्टिकं हे करतात. निव्वळ एबीएस प्लॅस्टिक ताठ आणि स्वस्त असतं, पण थंडीत ठिसूळ होतं आणि कोपऱ्यावर आपटलं की तडा जातो. लेबलवर 'एबीएस + पीसी' असेल तर बहुधा एबीएसच जास्त असतं. ॲल्युमिनियम दिसतं देखणं, पण मोठ्या मापात रिकामी बॅगच सहा-सात किलोंपर्यंत जाते. कुटुंबासाठी ते बाद.

कापडी बॅगेत डेनियर विचारा. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. मोठा आकडा म्हणजे जाड धागा, पण ३०० डेनियरचा घट्ट विणलेला नायलॉन ६०० च्या ढिल्या पॉलिस्टरपेक्षा चांगला ठरू शकतो, तेव्हा हात लावून बघा. कापडी बॅगेचा मोठा फायदा म्हणजे पुढचं झाकण. कडक बॅग पुस्तकासारखी मधोमध उघडते आणि जमिनीवर दुप्पट जागा अडवते. लहान खोलीत तशा तीन बॅगा उघडल्या की पाय ठेवायला जागा राहत नाही.

चेनबद्दल थोडं सविस्तर. बहुतेक बॅगांना वेटोळ्याची, म्हणजे नायलॉनच्या बारीक स्प्रिंगसारखी चेन असते. बॉलपेनचं टोक दोन पट्ट्यांच्या फटीत घुसवून दाबलं की ती मधूनच फाकते. रनरना कुलूप तसंच राहतं, आतली वस्तू निघते आणि ते दोन्ही रनर एकत्र चेनभर फिरवले की फट पुन्हा मिटते. मागमूस राहत नाही. याला उपाय दोन: दुहेरी वेटोळ्याची चेन किंवा चेनच नसलेली, कड्यांची फ्रेमवाली बॅग. फ्रेम मात्र जड, आणि ती एकदा वाकली की झाकण बसत नाही. चेनचा आकारही बघा. ८ किंवा १० नंबर बरा. ५ नंबरची चेन मोठ्या बॅगेच्या कोपऱ्यावर दात सोडते, कारण ओढ सगळी तिथेच येते.

चाकं स्क्रूने बसवलेली हवीत, रिव्हेटने नकोत. अस्तराला आतून छोटी चेन आहे का पाहा. ती उघडून स्क्रू दिसत असतील तर चाक आणि दांडा दोन्ही बदलता येतात. अस्तर शिवून बंद असेल तर एका चाकापायी अख्खी बॅग टाकावी लागते.

साखळी_तुटली
चार चाकांचा एवढा उदोउदो का होतो कळत नाही. गुळगुळीत फरशीवर चार चाकं उत्तम, बॅग उभीच्या उभी बाजूने सरकते, मनगटावर भार येत नाही. पण दगडी रस्ता, वाळू, उतार किंवा हलणारी आगगाडी आली की तीच चाकं डोकेदुखी. ती अंगाबाहेर निघालेली असतात, म्हणून आपटल्यावर पहिली तीच तुटतात. दोन चाकांची बॅग तिरकी ओढावी लागते, पण चाकं मोठी आणि अर्धी आत बसवलेली असतात. शिवाय त्याच १५८ मध्ये आतली जागा थोडी जास्त मिळते.

मोजपट्टी
एकट्या माणसासाठी मान्य. इथे मात्र एका मोठ्या माणसाचा एक हात चार वर्षांच्या मुलासाठी राखीव आहे. २३ किलोच्या दोन तिरक्या बॅगा एका वेळी ओढणं अवघडच, चार चाकांच्या दोन मात्र दोन्ही बाजूंना ढकलता येतात. त्यामुळे यांना चार चाकांच्याच, फक्त जुळी चाकं आणि व्यास ५० ते ६० मिमी असलेल्या. फरशीवरून गाडीपर्यंत एवढाच रस्ता असेल तर पुरे. मुक्काम दगडी गल्लीत असेल तर साखळी_तुटली यांचं ऐका.

चौकोनी_कुटुंब
सगळ्यांचे आभार. आमचा बहुतेक रस्ता फरशीचाच आहे. आणखी तीन शंका. टीएसए कुलूप हवंच का? हवा काढून दाबायच्या पिशव्या घ्याव्यात का? आणि दुकानात रिकामी बॅग बघून काय कळणार?

गंजलेला_खिळा
टीएसए कुलूप म्हणजे अमेरिकेतल्या तपासनीसांना त्यांच्या किल्लीने उघडता येईल असं कुलूप, जेणेकरून ते तोडावं लागू नये. तिकडे जात नसाल तर फारसा उपयोग नाही. त्या किल्ल्यांचे फोटो बाहेर फुटून २०१५ मध्ये लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर नकला काढल्या, त्यामुळे त्याला सुरक्षा समजू नका. कुलूप फक्त चेन आपोआप उघडू नये म्हणून. मौल्यवान वस्तू, औषधं आणि पॉवर बँक केबिनमध्येच. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही. बॅटरीवाली 'स्मार्ट' बॅग असेल तर बॅटरी निघणारी हवी. ती निघत नसेल तर २०१८ पासून बऱ्याच कंपन्या बॅगच घेत नाहीत.

हवा काढायच्या पिशव्या घेऊ नका. जागा वाचते, वजन तेवढंच राहतं, आणि वाचलेल्या जागेत माणूस आणखी भरतो. जाड जाकिटांपुरती एखादी ठीक.

दुकानात काय तपासायचं: तिथल्याच दोन-तीन लहान बॅगा आत टाकून बॅग जड करा. दांडा पूर्ण वर काढून हलकेच पिळा. थोडी हालचाल चालते, पण मधल्या टप्प्यावर तो आपोआप खाली घसरला तर बॅग परत ठेवा. मग एका हाताने पाच-सहा मीटर सरळ ढकला. सतत एकाच बाजूला वळत असेल तर एखादं चाक तिरकं बसलेलं असतं. चेन एका हाताने चारही कोपऱ्यांतून फिरवा. बॅग आडवी उचलायला बाजूचं हॅन्डल आहे ना, हेही बघा, तळाशीही असेल तर उत्तम. विमानतळावरच्या फिरत्या पट्ट्यावरून उचलताना लागतं ते हेच. गॅरंटीत चाक, दांडा, चेन धरलेत की फक्त कवच, ते वाचा. 'विमान कंपनीकडून झालेलं नुकसान वगळून' ही ओळ बहुतेक कागदांत असते.

नुकसान झालंच तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर नोंद करून घ्या, फोटो काढा. आंतरराष्ट्रीय प्रवासात, जिथे विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणारा माँट्रियल करार लागू आहे तिथे, नुकसानीची लेखी तक्रार बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांत करावी लागते.

मोजपट्टी
माझा हिशेब असा: ७५-७६ सेंमीच्या दोन आणि ६५-६६ सेंमीची एक. पुस्तकं, चपला, बाटल्या असला जड माल मधल्या बॅगेत भरा, मोठ्या दोघींत कपडे. चौथ्या बॅगेची मुभा परतीसाठी ठेवा, घडी होणारी कापडी बॅग तळाशी टाकून.

भरताना जड वस्तू चाकांच्या बाजूला, नाही तर बॅग उभी राहत नाही. तळाला दांड्याच्या नळ्यांचे दोन कंगोरे असतात, त्यांच्यामधल्या खाचा मोज्यांनी भरून काढल्या की वर घड्या सपाट बसतात. आणि 'एक बॅग एका माणसाची' असं करू नका. प्रत्येकाचे दोन दिवसांचे कपडे दुसऱ्याच्या बॅगेत टाका. एक बॅग मागे राहिली तर कोणीच उघड्यावर पडत नाही.

वजन घरीच करा. टांगायचा काटा नसेल तर बॅग घेऊन नेहमीच्या काट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. २२ वर थांबा, दोन काटे कधी जुळत नाहीत.

चौकोनी_कुटुंब
ठरलं, दोन मोठ्या आणि एक मधली, चार चाकांच्या, पॉलीप्रॉपिलीन किंवा पॉलीकार्बोनेट. पलंगाखाली तिन्ही मावतील का?

गंजलेला_खिळा
३० जाडीच्या दोन आडव्या ठेवा. मधली एकीच्या पोटात जाते, पण हे दुकानातच घालून बघा. मोठीचा आतला पडदा शिवलेला असेल तर अडते, चेनने निघणारा असेल तर बसते. आणि दमट जागी वर्षानुवर्षं नुसत्या पडून राहिलेल्या बॅगांची पॉलीयुरेथेनची चाकं हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतात, दिसायला नवी आणि पहिल्याच फेरीत भुगा. पुढच्या प्रवासाच्या आठवडाभर आधी नखाने दाबून बघा. नख रुतून कण सुटले तर चाकं बदलूनच निघा.