कर्जत तालुक्यातील मोकळी जमीन पंधरा वर्षांसाठी घेऊन ठेवावी का?

मुलुंडकर:
कर्जत तालुक्यात 20 गुंठे जमीन मिळत असून ती पंधरा वर्षे तशीच ठेवण्याचा आमचा विचार आहे. अटल सेतू आणि नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यामुळे भाव वाढणारच, असे मध्यस्थ सांगतो. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ अशी नोंद आहे आणि आमच्या कुटुंबात कोणीही शेतकरी खातेदार नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त महसूल कर्मचारी:
भावाचा विचार नंतर करा. कुळकायद्याच्या कलम 63 नुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि वर्ग 2 ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. ती कुळकायद्याने मिळाली, इनामाची होती की सरकारने दिली, हे सातबाऱ्यावरून पुरते उलगडत नाही. त्यासाठी जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढावे लागतात. कर्जतमध्ये ठाकर आणि कातकरी वाड्या बऱ्याच आहेत, त्यामुळे मूळ खातेदार आदिवासी निघाल्यास महसूल संहितेचे कलम 36अ लागू होते, म्हणजे ती जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही.

मुलुंडकर:
आता साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) करून निम्मी रक्कम द्यावी, परवानगी नंतर मिळवता येईल, असे मध्यस्थाचे म्हणणे आहे.

निवृत्त महसूल कर्मचारी:
कृपया तसे करू नका. साठेखताने मालकी मिळत नाही, आणि परवानगी नाकारली गेली तर रक्कम परत मिळवण्यासाठी दिवाणी न्यायालयात वर्षे जातात. ‘शेतकरी दाखला काढून देतो’ असे कोणी म्हणाल्यास तो व्यवहार तिथेच थांबवावा.

बदलापूरकर:
पावसाळ्यात एकदा जागेवर जाऊन याच. उन्हाळ्यात जीप थेट जागेपर्यंत जाते, पण तो रस्ता म्हणजे शेजाऱ्याचे कोरडे भातखाचर असते आणि आवण (भाताची रोपे) लागली की बांधावरून पायी जावे लागते. गटाच्या नकाशावर रस्ता नसेल, तर पुढे गिऱ्हाईक मिळणे कठीण. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून घ्या, आणि ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा किंवा खाजगी वनाची नोंद आहे का, तेही पाहा. माथेरानभोवतीचा पट्टा 2003 पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्र असल्यामुळे तेथील बांधकामावर निर्बंध आहेत.

ठाणेकर:
विमानतळाला केंद्राची मंजुरी 2007 मध्ये मिळाली आणि उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाले. मधल्या काळात ज्यांनी घोषणेच्या भरवशावर जमिनी घेतल्या, त्यांचे पैसे इतकी वर्षे भाड्याविना, व्याजाविना अडकून राहिले. मुलांचे शिक्षण किंवा आजारपण यांसाठी लागणारी रक्कम यात अजिबात घालू नका. जमीन घ्यायचीच असेल, तर बिनशेती (शेतीशिवाय इतर वापराचा) आदेश झालेला, स्वतंत्र सातबारा असलेला भूखंड पाहावा. तो महाग पडला तरी निदान विकता येतो.