प्रति: हळदीच्या दुकानाची वेबसाइट

भाऊ, हळदीच्या दुकानाची वेबसाइट गूगलवर सापडावी म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंय. इथे कोणी सुचवलं की वेबसाइटवर भावफलकाचा फोटो टाकला की काम झालं. तसं नका करू. भाव मजकुरातच टाइप करा, फोटोतल्या अक्षरांवर गूगल शोधात भरवसा नाही. पानाला ‘आपले स्वागत आहे’ असं शीर्षक देऊ नका, तसं कोणी शोधत नाही. शीर्षकातच ‘वायगाव हळद पावडर, समुद्रपूर, जि. वर्धा’ लिहा. या हळदीला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या खास मालाला मिळणारी सरकारी ओळख, जीआय) आहे, तेही ठळक सांगा.

गूगलनं २०१८ पासून पानाचं मोबाइल रूप आधी तपासायला सुरुवात केली. त्यात खेड्यातली रेंज! पाच-पाच एमबीचे फोटो लहान करूनच चढवा. गूगल मॅपवर दुकानाची नोंद फुकट होते, ती आजच करा. अर्धा किलोचं पाकीट केवढ्याला, कुरिअर किती, हे पहिल्याच पानावर हवं. गिऱ्हाईक आधी तेच विचारतं.