म्हणे मराठीत ‘स्टोरी’ला एकच शब्द!

शंकेखोर
काल एका गटात हे वाचलं: “इंग्रजीत स्टोरी, टेल, फेबल, पॅरेबल, लेजंड, अ‍ॅनेक्डोट, यार्न अशी रांग लागते. आपल्याकडे सगळ्याला एकच, ‘गोष्ट’. भाषा दरिद्री, मग विचार कुठून श्रीमंत होणार?” खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितो.

फेबल म्हणजे नीतिकथा. तंजावरात सरफोजीराजांनी इसापाच्या गोष्टी १८०६ सालीच मराठीत छापवल्या. मुंबईत बापू छत्र्यांची इसापनीती १८२८ ची. पॅरेबल म्हणजे दृष्टांत. चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत महानुभाव पंथातल्या केसोबासांनी एकत्र केले तेव्हा इंग्रजीतला आद्यकवी चॉसर जन्माला यायचा होता. लेजंडला आख्यायिका आहे, दंतकथा आहे. अ‍ॅनेक्डोट म्हणजे सरळ किस्सा. आणि यार्न? यार्न म्हणजे मुळात सूत. आपण लांबण लावणाऱ्याला काय म्हणतो? ‘चऱ्हाट वळतोय.’ चऱ्हाट म्हणजे जाड दोर. त्यांनीही दोरच वळला, आपणही दोरच वळला, फक्त आपला जरा जाड.

ठाणे_लोकल
यादी झकास. आता खरं सांगा, ‘आख्यायिका’ हा शब्द तोंडाने शेवटचा कधी उच्चारलात? कोशात असणं वेगळं, जिभेवर असणं वेगळं. माझी मुलगी मराठी शाळेत आहे. तिला सिंड्रेलाही गोष्ट, शिवाजीमहाराजही गोष्ट, आणि शेजारच्या काकूंनी काय सांगितलं तीही गोष्टच. वर ‘एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे’ म्हटलं की पोरगी मांडी घालून ऐकायला बसते, आणि मी सांगतो फीची पावती हरवली! ज्या शब्दाचा अर्थ ‘बाब’ही होतो, त्याच्यावर केवढा भार टाकायचा?

शंकेखोर
‘गोष्ट’ आली ‘गोष्ठी’वरून. चार माणसं बसून बोलतात ती. म्हणून पावतीही त्यात बसते. तुमच्या मुलीची चूक नाही, पावती तुम्ही हरवलीत.

डेस्कवरचा
भार म्हणाल तर ‘स्टोरी’वर काय कमी आहे? आमच्या धंद्यात स्टोरी म्हणजे बातमी. जिल्हा आवृत्तीला नवा लागलो तेव्हा घरी फोनवर सांगितलं, “टँकरवर स्टोरी करतोय.” वडील म्हणाले, “टँकरवर कसली गोष्ट? पाणी आलं का ते लिही.” सिनेमावाल्यांकडे स्टोरी ऐकवतात, इन्स्टावर टाकतात, पोलीस म्हणतात ‘स्टोऱ्या सांगू नको.’ आम्ही बातमीला बातमी म्हणणं सोडलं, त्याचं कुणाला काही नाही. उपसंपादकांच्या जागा रिकाम्या आहेत, मुद्रितशोधक तर नाहीतच…

ठाणे_लोकल
साहेब, हा पगाराचा धागा नाही.

नगरचा_पास्टरपुत्र
पॅरेबलला ‘दृष्टांत’ एकटाच नाही. आमच्या मराठी बायबलात ‘दाखला’ आहे. पेरणाऱ्याचा दाखला, उधळ्या पुत्राचा दाखला. लहानपणी शाळेत शिपाई ‘जन्माचा दाखला आण’ म्हणायचा आणि रविवारी चर्चमध्ये पेरणाऱ्याचा दाखला वाचायचे. मला बरीच वर्षं वाटायचं, पेरणाऱ्याने तो तहसीलमधून काढलाय.

लीड्सहून
इंग्रजीचं कौतुक करणाऱ्यांसाठी: तुमचा ‘टेल’ मुळात मोजण्याचा नातेवाईक आहे. जर्मनमध्ये त्साल म्हणजे संख्या, बँकेतला टेलर म्हणजे पैसे मोजणारा. ‘स्टोरी’ आणि ‘हिस्टरी’ एकाच लॅटिन शब्दाची लेकरं. शाळेत पोरं ‘टेल’ सांगतात ती तर चक्क चहाडी. त्यांच्याकडेही सगळं आखीव नाही.

शुद्धलेखन_सैनिक
एक सुचवतो. ‘कहाणी’ तरी या यादीत घालू नका. प्रेमकहाणी, कहाणीत ट्विस्ट, हे सगळं हिंदी सिनेमातून आलेलं. मराठीत ‘कथा’ म्हणा.

माजघरातून
थांबा. हे मी सोडणार नाही.

कहाणी हिंदीतून आली म्हणे! श्रावणात आमच्या आजी हातात अक्षता देऊन बसवायच्या. मूठ घट्ट धरायची, बोलायचं नाही, मध्ये उठायचं नाही. मग ‘ऐका शुक्रवारा तुमची कहाणी. आटपाट नगर होतं.’ तांदूळ घामाने ओले व्हायचे, हाताला कुंकू लागायचं. शेवटी ‘ही साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरीं सुफळ संपूर्ण’ म्हटलं की मूठ सोडायची. आजीला हिंदीचं अक्षर येत नव्हतं. टीव्ही आमच्याकडे ती गेल्यावर आला.

आणि ती ‘कथा’ नव्हती. कथा सत्यनारायणाची, ती गुरुजी सांगत. कहाणी बाई सांगे. हा फरक आम्हाला पाचव्या वर्षी कळत होता, तुम्हाला सैनिक होऊनही कळत नाही?

काणकोणकार
गोव्यात आमी ‘काणी’ म्हणतात. तीही हिंदीतून आली का सांगा!

शुद्धलेखन_सैनिक
बाई, भावना समजल्या. पण त्या कहाण्यांत काय असतं? सवतीचा जाच, गरिबाघरची लेक, वसा टाकला म्हणून दारिद्र्य. अंधश्रद्धाच ती. शब्द जुना असेल, आशय जपण्यासारखा नाही.

माजघरातून
आधी शब्द हिंदी होता, आता आशय वाईट. उद्या आजीच वाईट म्हणाल. शुक्रवारच्या कहाणीत श्रीमंत भाऊ गरीब बहिणीला जेवायला बोलावत नाही आणि ती पोरं घेऊन तशीच पंगतीला जाते, तेव्हा हात धरून घालवतो. पुढे तिला बरे दिवस आले की तोच पाट मांडून वाट बघतो. बहीण अंगावरचे दागिने काढून पाटावर ठेवते आणि एकेकावर घास ठेवते, कारण आमंत्रण दागिन्यांना आहे, तिला नाही. यात अंधश्रद्धा कुठे दिसली? माझ्या आईचा आवाज दर वर्षी इथे अडकायचा. कारण आम्हा मुलांना ठाऊक होतं, तिच्या दोन भावांनी काय केलं ते. नावं घेत नाही, दोघे हयात आहेत.

ठाणे_लोकल
मला घाम फुटला. मीही एक भाऊ आहे.

डेस्कवरचा
ही स्टोरी छापली असती हो कुणीतरी.

माजघरातून
तिला ‘स्टोरी’ म्हणू नका.

शुद्धलेखन_सैनिक
बरं. कहाणी मराठीच. मान्य. पण ‘प्रेमकहाणी’ला माझा विरोध कायम. आणि ‘कादंबरी’चं काय? बाणभट्टाच्या संस्कृत कथेतल्या नायिकेचं नाव उचललं आणि सगळ्या नॉव्हेलांना चिकटवलं!

लीड्सहून
कानडीतही कादंबरीच आहे. गुजरातीत नवलकथा, हिंदी-बंगालीत उपन्यास. इंग्रजीच्या नॉव्हेलचा अर्थ ‘नवीन’, त्यात तरी कथा कुठे आहे? १८५७ साली बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन आलं, मराठीतलं पहिलं नॉव्हेल म्हणतात ते. नवा प्रकार होता, काहीतरी म्हणायला लागणारच.

शंकेखोर
मूळ प्रश्नाकडे येऊ का? ठाणे_लोकल, तुमचं अर्धं पटलं. शब्द आहेत, वापरत नाही. पण ती भाषेची गरिबी नव्हे. घरात भांडी आहेत आणि आपण डबा हॉटेलातून मागवतोय, एवढंच.

ठाणे_लोकल
अर्धं पटलं हे इथलं विक्रमी यश समजतो. आज रात्री मुलीला ‘आख्यायिका’ सांगून बघतो. झोपली तर तुमच्यामुळे.

माजघरातून
मुठीत तांदूळ द्या. झोपणार नाही.