व्हिडिओ नाही म्हणून तोंड बंद ठेवायचं?

परळकर: काल इथे एकाने लिहिलं, "बदलापूरच्या आरोपीला मारल्याचा व्हिडिओ कुणाकडे आहे का? नाही ना, मग पोलिसांवर शंका घेऊ नका." डोकंच फिरलं. 23 सप्टेंबर 2024, मुंब्रा बायपास, पोलिसांची गाडी, आत सगळे पोलीस आणि शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचा हा आरोपी एकटा. शूटिंग करणार कोण? हायकोर्टाने विचारलं ना, पायावर न मारता डोक्यात गोळी कशी? त्याने पोलिसाचं पिस्तूल हिसकावून गोळी झाडली म्हणतात, पण मॅजिस्ट्रेटच्या चौकशीत त्या पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे सापडले नाहीत. हा पुरावा नाही?

डोंबिवलीची ताई: आणि त्या एवढ्याशा पोरी? त्यांच्या बाजूने कोण एवढं लिहितं? माझा भाऊ पोलिसात आहे, दिवाळीलाही घरी नसतो. लोक वीस सेकंदांची क्लिप फिरवतात, आधी काय झालं ते कापलेलं असतं.

परळकर: ताई, पोरींसाठीच खटला चालायला हवा होता. आणि कापलेली क्लिप नको म्हणूनच ती कुठल्या मशीनमधून, कशी काढली याचं सर्टिफिकेट कोर्ट मागतं, जालन्याच्या निवडणुकीच्या केसमध्ये 2020 ला सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं.

मुलुंड वेस्ट: फुटेज मिळतं कुणाला पण? माझी बाईक बिल्डिंगखालून गेली, चौकीत म्हणाले फुटेज आणा, सेक्रेटरी म्हणाला कमिटीत ठेवू, तोपर्यंत डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनमध्ये, जुन्यावर नवीन रेकॉर्ड झालं. सगळं गेलं!

काका भांडुप: मी सेक्रेटरी आहे. रोज कुणीतरी येतं, याची सून किती वाजता आली दाखवा, त्याचा कुत्रा दाखवा. असं कुणालाही दाखवायचं? पोलिसांचं पत्र आणा, लगेच देतो.

मुलुंड वेस्ट: पत्र येईपर्यंत निदान कॉपी काढून ठेवा की! त्याला कमिटी कशाला लागते?

काका भांडुप: मेंटेनन्स थकवणाऱ्यांनी मला शिकवू नये.

परळकर: अहो, पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं बोला. 2020 मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, रेकॉर्डिंग 18 महिने ठेवा, अगदीच जमत नसेल तरी किमान वर्षभर.

डोंबिवलीची ताई: कॅमेरा गाडीतही बसवा, माझी ना नाही. भावावर उद्या खोटा आळ आला तर त्यालाही उपयोग होईल. पण व्हिडिओ नाही म्हणून पोलीस खोटारडे, हे मी मानणार नाही.

परळकर: तसं मीही म्हणत नाही. पण 2006 चं वर्सोव्याचं लखनभैया प्रकरण आठवा, पोलिसांनी त्याला खोट्या चकमकीत मारलं होतं. गोळीबाराचा व्हिडिओ नव्हता, त्याला उचलल्यावर घरच्यांनी तारा आणि फॅक्स पाठवले होते, ते कामी आले. मार्च 2024 मध्ये हायकोर्टाने त्यात पोलीस अधिकारी राहिलेल्या प्रदीप शर्मांना जन्मठेप दिली. तारेवर वेळ छापलेली असायची, ताई.

डोंबिवलीची ताई: अठरा वर्षं लागली. तेवढी वाट त्या पोरींच्या आईने बघायची का, ते सांगा आधी.